डाव्या हाताचा चाकू

‘हात बदल!’

लहानपणी हे दोन शब्द मी दिवसातून दहा वेळा तरी ऐकायची. जेवताना, पाटीवर लिहिताना, देवाला फूल वाहताना. मी डावरी. शंभरात साधारण दहा माणसं डावरी असतात म्हणे, पण आमच्या चौदा माणसांच्या घरात मी एकटीच. आजीने डाव्या बोटांना फडकं बांधून पाहिलं, मास्तरांनी पट्टी वापरली. शेवटी लिहिणं, जेवणं, कात्री या गोष्टी उजव्या हातात गेल्या. चाकू मात्र गेला नाही. कैरी चिरायची असो की पेन्सिलीला टोक करायचं असो, डावाच हात पुढे व्हायचा. आणि चाकू म्हटलं की अण्णांचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा, कारण आमच्या घराचं पोट त्या चाकूवर होतं.

अण्णा आंब्याची कलमं बांधायचे. आमचं माहेर दापोली तालुक्यातलं. अण्णांच्या तरुणपणी भेट कलमाची पद्धत होती. म्हणजे कुंडीतलं रोप झाडाच्या फांदीपर्यंत न्यायचं, दोघांची साल तासून एकमेकांना भेटवायची आणि दोन-तीन महिने तसंच बांधून ठेवायचं. १९७२ साली दापोलीत कृषी विद्यापीठ आलं आणि मग कोय कलमाचा प्रसार झाला. पावसाच्या तोंडावर कोयी पेरायच्या. रोप पंधरा-वीस दिवसांचं, तांबूस पानांचं, नुसतं कोवळं लुसलुशीत असताना त्याचा शेंडा उडवायचा, उरलेल्या खुंटाला मधोमध चीर द्यायची आणि चांगल्या हापूसची पेन्सिलीएवढी काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि कलमांना असा काही उठाव आला की अण्णांनी दुसऱ्यांच्या बागेत जाणं सोडून स्वतःची रोपवाटिका काढली.

त्या रोपवाटिकेत कामाची वाटणी ठरलेली होती. कापायचं पुरुषांनी, बांधायचं बायकांनी. आई, मी, शेजारच्या दोन काकू अशा आम्ही पट्ट्या गुंडाळत बसायचो. पट्टी गुंडाळणं काही सोपं नाही बरं का. सैल राहिली की पाणी शिरतं, जास्त आवळली की कोवळा खुंट पिचतो. पण मजुरी मात्र कापणाऱ्याला जास्त. असो.

तर तो चाकू. मिटायचा, खिशात मावणारा. पातं साध्या पोलादाचं, म्हणजे स्टेनलेस नव्हे; आंब्याच्या चिकाने काळंनिळं पडलेलं. मुठीला दोन्ही बाजूंनी शिसवी पट्ट्या, आत पितळी पत्रे, पाठीला स्प्रिंगची पट्टी. अण्णांनी तो मुंबईत चोरबाजारातून आणलेला. मुठीवर त्यांच्या अंगठ्याने तीस वर्षांत एक खळगा पाडला होता. तो चाकू दुसऱ्या कुणी उचललेला त्यांना चालत नसे. मी दहा वर्षांची असताना उचलला, एक काडी तासलीसुद्धा. अण्णांनी काडी पाहिली नाही, हात पाहिला. ‘हात बदल, नाहीतर ठेव खाली.’ मी ठेवला खाली.

तो पुन्हा उचलला २००९ च्या जुलैत.

तोवर लग्न होऊन मी दापोलीतच दिलेली, घरी ब्लाऊज शिवायची, पदरात दोन मुलं. धाकटा भाऊ डोंबिवलीला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. ‘हो’, ‘नाही’ आणि मधूनच एखादा सुटा शब्द. डॉक्टर म्हणाले, शब्द येतील, पण मनात एक आणि तोंडात दुसरा असंही होईल. त्यावर विसंबू नका.

इकडे रोपवाटिकेत दोन हजार कोयी रुजून वर आलेल्या. झटका येण्याच्या दोनच दिवस आधी अण्णांनी कलमकाड्यांची पानं छाटून ठेवली होती. पानं छाटली की आठ-दहा दिवसांत काडीचा डोळा फुगतो, आणि तो फुटायच्या आत काडी बांधावी लागते. रोपंही थांबत नाहीत. खुंट एकदा हिरवा, निबर झाला की कोय कलम संपलं. शिवाय एका बागाईतदाराकडून पुढच्या वर्षीच्या हजार कलमांचे आगाऊ पैसे घेतलेले होते. ते पैसे दवाखान्यात गेले होते.

हंगामात कलम बांधणारा माणूस मिळणं म्हणजे गणपतीत भटजी मिळण्यासारखं. एक जण आला, दोन दिवस काम केलं, तिसऱ्या दिवशी दुसरीकडे गेला. त्याचंही बरोबर होतं, त्याने तिकडचा शब्द आधी दिलेला होता. आमच्याकडे पूर्वीपासून असलेल्या काकांना मोतीबिंदू. भाऊ रजा काढून आला, पण त्याने आयुष्यात बॉलपेनखेरीज काही धरलं नव्हतं. उरले मी.

पहिल्या सकाळी पन्नास काड्या तासल्या. उजव्या हाताने सुरुवात केली, पाच काड्यांत अंगठा कापून घेतला. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून (बघा, एक्केचाळिसाव्या वर्षीसुद्धा!) चाकू डाव्या हातात घेतला. हात सफाईने चालला, पण काप काही नीट येईना. पाचरीचे दोन्ही काप आरशासारखे सपाट हवेत. माझे खोलगट, चमच्यासारखे येत होते. पातं मध्येच लाकडात घुसायचं, मध्येच बाहेर उसळायचं. काकांनी एक काडी खुंटात बसवून उजेडाकडे धरायला लावली. फटीतून उजेडाची रेघ दिसली. ते म्हणाले, ‘ताई, उजेड दिसला म्हणजे कलम गेलंच समजा.’ खुंटाचा आणि काडीचा सालीलगतचा जिवंत थर एकमेकांना टेकला तरच कलम धरतं. मध्ये हवा राहिली की काडी वाळते.

त्या संध्याकाळी तासलेली एक काडी घेऊन मी अण्णांच्या खाटेशी गेले. विचारायचं काही नव्हतं खरं तर. नुसती दाखवली. त्यांनी डाव्या हाताने काडी घेतली, डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ बघितली. मग म्हणाले, ‘उलट.’

मी म्हटलं, ‘काय उलट?’

‘उलट... उलट.’

माझ्या मस्तकात तिडीक गेली. या अवस्थेतसुद्धा तेच? हात बदल? मी काडी हिसकावून घेतली आणि स्वयंपाकघरात येऊन भांडी जरा जोरातच घासली. आई काही बोलली नाही.

रात्री झोप येईना म्हणून चाकू साफ करायला घेतला. ट्यूबलाइटखाली पातं फिरवून बघत होते आणि हात थांबला. पात्याचं एक अंग वरपासून खालपर्यंत साफ सपाट होतं. धारेचा उतार फक्त दुसऱ्या अंगाला होता.

ज्या बायका शिवण शिवतात त्यांना हे पटकन कळेल. कात्रीची दोन पाती एकावर एक कशी बसतात ते आठवा. डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कापड मध्ये दुमडतं. दोष हाताचा नसतो, कात्रीचा असतो. सोलाणं तसंच, एका बाजूला चोच असलेली पळी तशीच. कलमाचा चाकूही तसाच निघाला. उजव्या हातात धरला की सपाट अंग काडीला टेकतं, त्या सपाटीच्या आधाराने पातं सरळ सरकतं आणि काप सपाट येतो. डाव्या हातात धरला की उतारच काडीला टेकतो. मग पातं डुगडुगणार नाही तर काय? तीस वर्षं मी हा चाकू घरात बघत होते आणि त्याचं हे अंग मला ठाऊक नव्हतं.

उलट. अण्णांना हे म्हणायचं होतं, की हात बदल म्हणायचं होतं? मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी तेही धड कळलं नाही.

परदेशात डावऱ्यांसाठी कलमाचे वेगळे चाकू मिळतात. जर्मनीतली टीना ही जुनी कंपनी असे चाकू बनवते. हे मला नंतर कळलं. आणि तेव्हा कळलं असतं तरी जर्मनीहून चाकू येईपर्यंत आमचे खुंट निबर झाले असते. बाजारातून एक स्वस्त चाकू आणून त्याची धार फिरवून पाहिली. त्याचं लोखंड असं मऊ की दहा काड्यांत धार बसली. पोलाद चांगलं होतं ते फक्त अण्णांच्या चाकूचं.

आता खरी पंचाईत. धार एका अंगावरून दुसऱ्या अंगावर न्यायची म्हणजे नुसतं घासणं नव्हे. जुन्या उताराएवढी सगळी पट्टी झिजवून टाकायची आणि मग पलीकडून नवा उतार काढायचा. पातं जवळजवळ चार मिलिमीटरने अरुंद होणार. आणि एकदा केलं की परत फिरवता येणार नाही. तेवढं पोलादच उरणार नाही. तो चाकू पुन्हा उजव्या हाताच्या उपयोगाचा राहणार नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने वर न बघताच विचारलं, ‘आणि ते बरे झाले तर?’

यावर काय बोलणार? रोज सकाळी व्यायाम शिकवायला येणारा मुलगा अण्णांच्या उजव्या हाताची बोटं उघडमीट करायचा आणि रोज आई विचारायची, ‘कालच्यापेक्षा जोर आहे ना आज?’ त्या घरात मी अण्णांचा चाकू डावखुरा करायचं म्हणत होते. म्हणजे सरळ सरळ हे म्हणत होते की हा हात आता काडी धरणार नाही. भाऊ म्हणाला, थोडं थांबू या. काड्यांचे डोळे थांबायला तयार नव्हते. पहिल्या चार झाडांच्या काड्या फुटून वाया गेल्याच होत्या.

मी अण्णांना विचारलं. चाकू त्यांच्यासमोर धरला, पात्याच्या सपाट अंगावरून बोट फिरवलं, ‘इकडून घासू?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड केलं. मी खाटेशी बसून राहिले. थोड्या वेळाने तिकडेच बघत त्यांनी ‘हो’ म्हटलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शब्दांवर विसंबू नका. मी विसंबले.

लोहाराकडे जाऊ नकोस, असं काकांनी बजावलं होतं. ते बरोबर होतं. यंत्राच्या चाकावर पातळ धार क्षणात तापते, निळी पडते आणि पोलादाचं पाणी उतरतं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. म्हणून सगळं हाताने करायचं. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा जोडदगड मिळतो, एक अंग खरखरीत, एक मऊ. तो ओट्यावर ओल्या फडक्यात बसवला म्हणजे सरकत नाही. आता पातं एकाच कलाने घासायचं कसं? ब्लाऊजची बाही मापाने कापणारी बाई मी. अंदाजपंचे मला जमत नाही. रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवली आणि पात्याची पाठ तेवढी वर उचलून धरायची असं ठरवलं. प्रत्येक वेळी नाणी ठेवायची नाहीत, फक्त मधूनमधून ताडून बघायचं. दुसरी युक्ती मुलाच्या दप्तरातली. मार्कर पेनाने धारेलगत काळी रेघ ओढायची आणि पाच-सहा वेळा घासून बघायची. जिथली शाई गेली तिथे दगड लागतोय, जिथे राहिली तिथे नाही. हा साधा उपाय तुम्हाला स्वयंपाकघरातल्या सुरीलासुद्धा उपयोगी पडेल.

चार संध्याकाळी लागल्या. दगडावर पाणी टाकायचं, घासायचं, करडा चिखल पुसायचा, पुन्हा पाणी. शेजारणीने खिडकीतून विचारलं, काय वाटतेस एवढं? दुसऱ्या दिवशी धार पूर्ण गेली, पातं नुसती पट्टी झालं, आणि पोटात खड्डा पडला. आता हा ना अण्णांचा, ना माझा. तिसऱ्या दिवशी नवा उतार दिसायला लागला. चौथ्या दिवशी मऊ दगड. उतार फक्त एका अंगाने घासायचा. दुसरं अंग दगडावर अगदी आडवं, सपाट ठेवून धारेला आलेली केसासारखी कड फक्त काढायची. तिथे जरासुद्धा कल दिला की सपाटी गेली. शेवटी न्हावी करतात तसं यांच्या जुन्या चामडी पट्ट्यावर पातं उलटसुलट ओढलं. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला. आवाज न होता कापला गेला.

मुठीचं काम त्यामानाने गंमतीचं, पण रक्त त्यातच जास्त सांडलं. मूठ माझ्या पंजाला जाड होती आणि अंगठ्याचा खळगा भलत्याच बाजूला. एक शिसवी पट्टी तशीही तडकलेली. ती बदलायची ठरवलं. रिव्हेटची टोकं कानशीने घासून बारीक खिळ्याने बाहेर ठोकली. पात्याचा आणि स्प्रिंगचा रिव्हेट मात्र हलवला नाही. तो उघडला की पुन्हा जमवणं आपलं काम नव्हे. आजीचा फणसाच्या लाकडाचा पाट माळ्यावर मोडून पडला होता, त्याची चकती कापली, अ‍ॅराल्डाइटने चिकटवली, पितळी तारेचे नवे रिव्हेट केले. ऐरण म्हणून खलबत्त्याचा खल पालथा घातला. आई म्हणाली, ‘आता वेलचीला पितळेचा वास येणार.’ झटक्यानंतर तिने केलेली ती पहिली थट्टा.

पातं खिळखिळं झालं होतं, त्याचा रिव्हेट दोन-चार हलक्या ठोक्यांनी घट्ट केला. ठोकताना पातं आणि पितळी पत्रा यांच्यामध्ये पोस्टकार्डाचा तुकडा घालायचा, हे काकांनी सांगितलं. मग तो काढला की पात्याला हलायला तेवढी जागा राहते. नाहीतर चाकू असा आवळतो की उघडतच नाही.

मग पॉलिश पेपर. ऐंशी नंबरपासून सुरुवात करून चारशेपर्यंत. दोन्ही पट्ट्या हाताला बसतील तशा उतरवल्या. शिसवी बाजूचा अण्णांच्या अंगठ्याचा खळगा मी ठेवला. त्याचा मला उपयोग नव्हता, माझा अंगठा पलीकडे, फणसाच्या बाजूला पडतो. पण पेपर तिथे नेववला नाही.

आणि इथेच ती चूक झाली. मुठीवर काम करताना पात्याला जाड चिकटपट्टी गुंडाळून ठेवायला हवी, आणि मी ठेवली नव्हती. अशा चाकूला कुलूप नसतं, फक्त स्प्रिंगचा जोर असतो. मागून दाब आला की पातं मिटतं. माझ्या नव्या, स्वतः लावलेल्या धारेने माझीच तर्जनी कापली. तीन टाके. दवाखान्यात विचारलं, कशाने कापलं? मी म्हटलं, भाजी चिरताना. खरं सांगायला वेळ लागला असता.

टाके असलेल्या बोटाने चाकू उघडायला गेले आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. पातं उघडायला नखाची जी खाच असते तीही एकाच अंगाला, उजव्या माणसाच्या सोयीची. दुसऱ्या अंगाला तशी खाच पाडायला गेले तर कडक पोलादावरून कानस नुसती घसरली. मग पात्याचा नाद सोडला आणि मुठीलाच दोन्ही बाजूंनी, गोल कानशीने, अर्ध्या चंद्रासारखा कट घेतला. आता तिथे पात्याची पाठ उघडी दिसते आणि चिमटीत धरून ती ओढता येते. नख लागतच नाही. गेल्या काही वर्षांत मी हा कट माझ्या दोन नणंदांच्या आणि एका मामींच्या चाकूंना करून दिला आहे. मामींच्या बोटांना संधिवात. त्यांना फळ कापायला चाकू मुलाकडून उघडून घ्यावा लागायचा, आता लागत नाही.

लाकडाला तेल लावताना खोबरेल लावू नका. ते सुकत नाही, हाताला चिकट लागत राहतं. रंगाच्या दुकानात जवसाचं उकळलेलं तेल मिळतं, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. पातळ हात, मग पुसून एक दिवस वाळवणं. आमच्याकडे पावसात दोन-दोन दिवस लागले, म्हणून शेवटचा हात काम सुरू झाल्यावर लावला. आणि तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा, मगच फेका. शेपटाला भोक पाडून लाल नाडीचा तुकडा बांधला, कारण गवतात पडलेला चाकू शोधण्यात अण्णांचे किती तास गेले होते ते मला माहीत होतं.

२०१६ मध्ये माझा भाचा फ्रान्सहून ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा चाकू घेऊन आला. तिकडे आल्प्सच्या सव्हॉय भागात १८९० सालापासून हा चाकू बनतोय, आणि लोक घरी त्याच्या मुठी कोरतात, रंगवतात, तेलात भिजवतात, असं तो मोठ्या कौतुकाने सांगत होता. त्या मुठीत पितळी पत्रे नसतात, लाकडालाच खाच पाडलेली. आमच्या जुलैत आठच दिवसांत लाकूड फुगलं आणि पातं आत अडकून बसलं. मुठीचं बूड टेबलावर आपटलं की पातं बाहेर डोकावतं, तिकडचे लोक तसंच करतात म्हणे. मी ती खाच पॉलिश पेपरने थोडी रुंद केली आणि मूठ दोन दिवस तेलात बुडवून ठेवली. आता बरा चालतो. पण त्याच्या धारेला दोन्ही अंगांनी उतार. आंबा कापायला ठीक, कलमाला नाही.

तर २००९. पाचव्या दिवशी पहाटे पावसात, गोणपाटाची खोळ घेऊन कामाला बसले. पहिली काडी तासली. पातं सरळ गेलं. काकांनी खुंटात बसवून उजेडाकडे धरली, इकडून बघितली, तिकडून बघितली. ‘नाही दिसत,’ म्हणाले. मग म्हणाले, ‘मला तसंही कमीच दिसतं, आईंना बोलवा.’ आईने बघितली. तिलाही उजेड दिसला नाही. ती पट्टी घेऊन माझ्या शेजारी बसली आणि बांधायला लागली.

बाराशेच्या आसपास काड्या मी त्या हंगामात तासल्या. जगली सहाशे ऐंशी. अण्णांची शंभरात ऐंशी-पंच्याऐंशी जगायची, त्या मानाने हे काहीच नव्हे, आणि उरलेली तीनशेवीस कलमं भावाने दुसऱ्या रोपवाटिकेतून विकत घेऊन ऑर्डर पुरी केली. नफा शून्य. पण आगाऊ पैसे परत मागायला कुणी दारात आलं नाही. पुढच्या वर्षी कापायची मजुरी मी स्वतःच्या नावावर लिहिली. आईच्या बांधणीची मजुरीही तेवढीच लिहिली. भावाने वही बघितली, काही म्हणाला नाही.

अण्णांचा उजवा हात पुढे थोडा हलायला लागला, पण बोटांत काही धरता आलं नाही. २०१० च्या जुलैत एका दुपारी मी पडवीत काड्या तासत होते, ते खुर्चीत. त्यांनी डावा हात पुढे केला. मला वाटलं पाणी हवंय. त्यांनी मान हलवली आणि चाकूकडे बोट दाखवलं.

मी मिटून दिला. त्यांनी मूठ दोन गुडघ्यांत धरली, डाव्या चिमटीने त्या अर्धचंद्रातून पातं ओढलं. उघडलं. धार उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली, एका अंगाने, मग दुसऱ्या. मग काडीकडे खूण केली. त्यांना एका हाताने काडी धरून तासता येणार नव्हतं, म्हणून काडी मी धरली. पहिला काप वेडावाकडा गेला. दुसरा माझ्या अंगठ्याच्या नखावरून गेला. ‘अण्णा, हळू!’ तिसरा बरा आला. पाचवी का सहावी काडी त्यांनी खुंटावर लावून बघितली, मग आईकडे बांधायला दिली.

संध्याकाळी आवरताना चाकू परत मागायला गेले तर त्यांनी तो गुडघ्यावर दाबून मिटवला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. नाडी तेवढी बाहेर लोंबत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने मुंबईला गेले. चोरबाजारात दिवसभर फिरून तसाच एक जुना, साध्या पोलादाचा चाकू मिळाला. परत आल्यावर ओट्यावर ओलं फडकं अंथरलं, दगड मांडला आणि मुलाकडून मार्कर मागून घेतला.